पाच तारखेचा आहेर

माझं इंग्रजी चांगलं आहे असं मी पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. जुळे सोलापुरात आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या सुपरवायझरांपासून हॉटेलात रिसेप्शनवर बसायचं म्हणणाऱ्या मुलींपर्यंत शेकडो जण माझ्या समोरच्या बाकावर बसून 'माय नेम इज' म्हणून गेलेत. या क्लासपायी मी एका मुलीचं जे केलं ते आता सांगते. सांगताना मला माझी दया येत नाही, तेव्हा वाचणाऱ्यानंही ती करू नये.

चिसोमो बांदा माझ्याकडे आली ती शिकायला. आफ्रिकेतल्या मलावीची मुलगी, वय बावीस, इथल्या एका कॉलेजात बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. नई जिंदगी भागात लालबी म्हणून एका बाईंच्या घरी वरची खोली भाड्यानं घेऊन राहायची. तिला इंग्रजी नको होतं, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. तिला मराठी हवं होतं. "वर्गात सर मराठीत विनोद सांगतात, सगळे हसतात, मी मागून हसते," असं ती मला इंग्रजीत म्हणाली. मुलगी मला आवडली. आणि खरं सांगायचं तर त्याच मिनिटाला आसरा चौकातला माझ्या क्लासच्या जाहिरातीचा नवा फ्लेक्ससुद्धा माझ्या डोळ्यांसमोर आला.

"मराठी मी शिकवते, पण तू मुलांना इंग्रजी शिकवशील का?" मी विचारलं.

तिनं लगेच मान हलवली. स्टुडंट व्हिसावर इथं काम करता येत नाही, अर्धा दिवस नाही की दोन तास नाही, असं तिनं स्वच्छ सांगितलं. तिची एक मैत्रीण इंग्लंडात शिकत होती, तिला आठवड्याला ठरावीक तास काम करायची मुभा होती. इथं तेवढीही नव्हती. कॉलेजनं पहिल्याच दिवशी सगळ्या परदेशी मुलांकडून तसं लिहून घेतलं होतं. म्हणजे नियम मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय तिनं ठेवलीच नव्हती.

"अगं, पण काम कुठं करायचंय?" मी म्हणाले. "यायचं, मुलांशी बोलायचं, चार घास खायचे आणि जायचं. तू काय परकी आहेस का आता?"

"आणि पैसे?"

"पैसे नाही गं. मानधन. मान म्हणून देतात ते. आमच्याकडे पाहुण्या वक्त्यालाही देतात, कीर्तनकारालाही देतात. त्याला कोणी नोकरी म्हणत नाही."

"विचार करून सांगते," ती म्हणाली. तिचे वडील तिकडं एका प्राथमिक शाळेत हेडमास्तर. त्यांच्या देशातल्या पैशाची किंमत एकाएकी खाली आली होती आणि घरून येणारी रक्कम खोलीभाड्यालाही पुरत नव्हती. हे मला तिनं सांगितलं नाही, लालबीकडून कळलं, आणि कळल्यावर मला जरा बरंच वाटलं, कारण आता ती नाही म्हणणार नव्हती. झालंही तसंच.

माझ्या नवऱ्याचं नाव नारायण. समोर मी 'अहो' म्हणते, इथं नावानंच लिहिते. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. त्यानं एवढंच विचारलं, "तिच्या व्हिसावर हे चालतं का?"

त्यावरचा उपाय मी आधीच शोधला होता. नवी पेठेतून मी आहेराच्या पाकिटांचा गठ्ठा आणला होता, सोनेरी गणपती छापलेली, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. महिना भरला की मी त्यातल्या एका पाकिटात तिचे पैसे घालायचे, तिला हळदीकुंकू लावायचे आणि पाकीट हातात द्यायचे. कुठं सही नाही, कुठं पावती नाही. घरच्या बाईनं घरच्या मुलीला दिलेला आहेर. यात सरकारचा संबंध येतोच कुठं, असं मला मनापासून वाटत होतं. आपल्याकडे निम्मे व्यवहार असेच चालतात, आणि जे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं ते कायद्यालाही मान्य असणार असं आपण धरून चालतो.

"आहेर दर महिन्याच्या पाच तारखेला येत नसतो," नारायण म्हणाला.

"तुम्ही टीव्ही बघा," मी म्हणाले.

चिसोमो पाकीट घेताना दोन्ही हात पुढं करायची आणि उजवा गुडघा किंचित वाकवायची. त्यांच्याकडे मोठ्या माणसाकडून काही घेताना तसं करतात म्हणे. पहिल्या वेळी मला भरून आलं होतं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मला त्याची सवय झाली.

ती शिकवायची मात्र फार छान. माझ्या वर्गात मुलं व्याकरण पाठ करायची, तिच्या वर्गात मुलं बोलायची. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या साखर पेठेतल्या मुली तिच्यापुढं इंग्रजीत भांडायला लागल्या. मुलं तिला 'चिसू मिस' म्हणायची. दोन तासांचे चार तास कधी झाले ते मी कळू दिलं नाही. सकाळची एक बॅच, संध्याकाळच्या दोन. तिची परीक्षा असली की ती दबकत विचारायची, "मॅडम, उद्या नको येऊ?" मी म्हणायचे, "एक तास तरी ये बाळा, मुलं वाट बघतात." ती यायची. जेवायला थांबायची. कडक भाकरी मोडून त्यावर शेंगाचटणी आणि दही घ्यायची आणि सांगायची, आमच्याकडेपण शेंगदाण्याचं कूट सगळ्यात असतं. मराठी ती माझ्यापेक्षा लालबीकडूनच जास्त शिकली. "मॅडम, आज लई ऊन हाय की," असं म्हणत जिना चढायची. मी तिला दहा वेळा सांगितलं की शुद्ध बोल. ती म्हणायची, "व्हय मॅडम."

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. एकदा मी भरल्या वर्गात एक इंग्रजी शब्द उच्चारला आणि ती मागून हसत म्हणाली, मॅडम, तो तसा नाही, असा. पंचवीस वर्षं मी तो तसाच म्हणत आले होते, आणि माझ्या हाताखालून गेलेली अर्धी सोलापूरकर मंडळीही तसाच म्हणतात. मुलं खुदखुदली. मीही हसले. पण दोन दिवस माझं तिच्याशी बोलणं तुटक होतं, आणि ती पुन्हा पुन्हा विचारत होती की माझं काही चुकलं का.

दीड वर्ष असं सुखात गेलं. फ्लेक्सवर मी 'फॉरेन फॅकल्टी' लिहिलं, पण तिनं हात जोडून विनंती केली म्हणून फोटो टाकला नाही. क्लास भरून वाहायला लागला. मग जानेवारीत, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा उठला त्याच आठवड्यात, माझ्या क्लासला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. मी हॉल घेतला, पाहुणे बोलावले, आणि गुणवंतांच्या सत्कारात शेवटचं नाव ठेवलं चिसोमोचं. शाल, श्रीफळ, भगवा फेटा. फेट्यात ती इतकी देखणी दिसत होती की पुढच्या रांगेतल्या बायका तिच्याबरोबर फोटो काढायला व्यासपीठावर चढल्या.

फोटो आणि बातमी पेपरला मीच पाठवली. प्रसिद्धीपत्रक स्वतः बसून लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'मलावी देशाच्या कु. चिसोमो बांदा या गेल्या दीड वर्षापासून दररोज चार तास क्लासमध्ये इंग्रजी शिक्षिका म्हणून कार्यरत आहेत.' कार्यरत हा शब्द मी मुद्दाम घातला, भारदस्त वाटतो म्हणून. दीड वर्ष ज्या गोष्टीला मी काम म्हणू दिलं नव्हतं, ती मी स्वतःच्या हातानं पेपरात काम म्हणून छापून आणली. बातमी फोटोसकट आली तेव्हा मी बारा अंक विकत घेतले आणि व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. चिसोमोचा मेसेज आला, मॅडम, हे पेपरात आलं तर चालतं का? मी तिला नुसता अंगठा पाठवला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस आयुक्तालयातून फोन आला. परदेशी नागरिकांची नोंदणी बघणारी शाखा. चिसोमोला सोमवारी बोलावलं होतं, मला मंगळवारी, दहा तारखेला.

उपनिरीक्षकांचं नाव शिवपुत्र पुजारी. माणूस अक्कलकोटकडचा असावा, बोलण्यात कानडी हेल होता. "बसा की मॅडम," म्हणाले, चहा मागवला. मग टेबलावर बातमीचं कात्रण ठेवलं आणि विचारलं, "हे खरं हाय का?"

नारायण बाहेर बाकावर बसला होता. येताना रिक्षात तो मला म्हणाला होता, "जे झालं ते सांगून टाक. तू तिला बोलावलंस, तू पैसे दिलेस, तिनं आधीच नाही म्हटलं होतं. मुलगी शिकतीय, तिचं नुसत्या ताकिदीवर भागेल." मी हो म्हणाले होते.

"मॅडम, परवानगी नसताना परदेशी माणसाला कामाला लावलं तर लावणाऱ्यावरबी कारवाई होती, म्हायती हाय का तुमाला?" पुजारी साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नाही की काही नाही. पण गल्लीतल्या बायका, क्लासचे पालक, व्यासपीठावरचे ते पाहुणे, सगळे एका क्षणात माझ्याकडे बघायला लागले. आणि मी तोंड उघडलं.

"साहेब, मला काय कळतंय व्हिसाचं? तिनंच सांगितलं, परवानगी आहे म्हणून. कॉलेजचं पत्र आहे म्हणाली. तीच काम मागत आली होती. मी भोळेपणानं विश्वास ठेवला."

एवढं सगळं मी एका दमात बोलले. अडखळले नाही. वर्गात मुलांना सांगते ना, आत्मविश्वासानं बोला, तशी बोलले. हवालदारानं ते टाइप केलं, छापून आणलं, मी चष्मा लावून वाचलं आणि खाली सही केली. मराठी शुद्ध होतं.

सही झाल्यावर पुजारी साहेबांनी फाइलमधून दुसरा कागद काढला. "आता गंमत बघा. ती पोरगी काल म्हणाली, मी पैसे घेतलेच न्हाईत. मॅडमनी मला कामाला बोलावलं न्हाई. मी मराठी शिकायला जायची, जेवायला जायची, मुलांशी आपलीआपण बोलायची. पेपरात चुकून छापलंय, मॅडमचा दोष न्हाई." त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "ती म्हणती काम केलंच न्हाई. तुमी म्हणताय केलं, आणि खोटं सांगून मिळवलं. दोघींतली एक खोटं बोलतीय. तुमाला काय बदलायचं असलं तर आत्ता बदला की."

मला वाचवायला ती खोटं बोलली होती, आणि त्या खोट्यापायीच आता ती खोटारडी ठरणार होती. हे मला तिथल्या तिथं कळलं, मी काही मूर्ख नाही. एक वाक्य बोलायचं होतं. समोर पाण्याचा ग्लास होता, तो मी उचलून सगळा प्यायले आणि म्हणाले, "नाही. माझं बरोबर आहे."

बाहेर नारायणनं विचारलं, "काय झालं?"

"सगळं तिच्या बाजूनं सांगितलं," मी म्हणाले. त्याला बरं वाटलं. जाताना त्यानं पार्क चौकात मला उसाचा रस पाजला.

गुरुवारी, बारा तारखेला संध्याकाळी सातच्या सुमाराला चिसोमो आली. तिला देश सोडून जायला सांगितलं होतं. कॉलेजचं म्हणणं होतं की नवा व्हिसा मिळाला तर परत घेऊ, शेवटची तीन सत्रं राहिली आहेत. तिच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता. संध्याकाळच्या बॅचच्या तेवीस वह्या तिच्याकडे तपासायला होत्या, त्या सगळ्या तपासून ती परत द्यायला आली होती. प्रत्येकीत लाल शाईनं दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या, तुझं काय सुधारलंय, काय राहिलंय.

मी तिला जेवायला बसवलं. भाकरी, पिठलं, चटणी. नारायण तिच्याशी गप्पा मारत होता, तिच्या वडिलांच्या शाळेची चौकशी करत होता. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी सारखी स्वयंपाकघरात जात होते. पण मनात एक आधार होता. तिला माझा जबाब माहीत नाही. तो फाइलमध्ये आहे, फाइल कपाटात आहे, आणि सोमवारी ही विमानात असेल.

"मॅडम," तिनं मला हाक मारली. "साहेबांनी तुमाला लई त्रास दिला का?"

"नाही गं," मी म्हणाले. "मी त्यांना सांगितलं, मुलगी किती चांगली आहे, हुशार आहे. मी तुझ्या बाजूनंच बोलले."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, वर्गात एखाद्या मुलाला उत्तर आठवायला वेळ द्यावा तशी.

"व्हय का मॅडम?" तिनं विचारलं.

"व्हय गं," मी म्हणाले. तिच्याच भाषेत. लाडानं.

"बरं," ती म्हणाली आणि अजून अर्धी भाकरी मागून घेतली. जाताना वाकून नमस्कार केला. मी पाकीट पुढं केलं, तर या वेळी तिनं हात मागं घेतले. "नको मॅडम, आता नियम मोडायचा न्हाई," म्हणाली आणि हसली. मला वाटलं, थट्टा करतीय.

मी स्टेशनवर गेले नाही. बॅच होती. मुलांना सांगितलं, चिसू मिसच्या घरी अडचण आली, ती गेली. दोन मुली रडल्या. पंधरा दिवसांत मी फ्लेक्सवरची 'फॉरेन फॅकल्टी' झाकायला वर नव्या बॅचची पट्टी चिकटवली. दिवस बरे चालले होते. आठवण आली की मी कामाला लागायचे आणि ती जायची.

एप्रिलात एका दुपारी लालबी आली. साठीची बाई, गुडघे धरून जिना चढत वर आली आणि पंख्याखाली बसली. मी तिला पूर्वी एकदाच पाहिलं होतं.

"बाई, तुमाला तरी काय तर करता येतंय का बघा," ती म्हणाली. "पोरीनं तिकडनं परत अर्ज टाकला होता. व्हिसा दिला न्हाई. फोनवर लई रडली. कॉलेजमधल्या बाईनं चौकशी केली तर म्हणं, तिच्या नावानं लिवलंय, परवानगी हाय असं खोटं सांगून हितं नोकरी घेतली म्हणून. आता तिला कुटंच मिळायचं न्हाई, ते नावाला चिकटलं."

मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"दीड वर्ष माज्या घरात राहिली, खोटं बोलायची न्हाई हो. एकदा माज्या हातातनं समराची काचेची बशी फुटली तर मीच म्हनले, तुज्याकडनं फुटली म्हनून सांगू का तिला, तर म्हनाली, नको खाला." समरा म्हणजे लालबीची सून, आणि खाला म्हणजे मावशी. लालबीनं ओढणीनं घाम पुसला. "कोन तर तसा जबाब दिलाय तिच्यावर. कोन मेला आसंल तो, अल्ला जाने. त्याला पोरंबाळं न्हाईत का? तुमी क्लासवाल्या बाई, तुमचं ऐकतील. तुमी लिवून द्या की, ती चांगली हाय म्हनून."

"देते," मी म्हणाले.  ती माझ्या हातावर हात ठेवून, मला दुवा देऊन गेली. त्या दुव्यानं मला जी लाज वाटली तशी शिव्यांनी वाटली नसती.

नारायण आतल्या खोलीत होता. लालबी खाली उतरल्यावर त्यानं टीव्ही बंद केला. दारात येऊन उभा राहिला.

"पद्मजा, त्या कचेरीत तुझ्याशिवाय आणखी कोणाचा जबाब झाला होता?"

मी मान खाली घातली. तो पुढं काही बोलला नाही. चार दिवस बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, माझ्याकडे बघायचा नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्याला हजार वेळा गप्प बसवलं होतं, पण तो असा गप्प कधी बसला नव्हता. मी आयुक्तालयात गेले ती चिसोमोसाठी गेले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं कारण हे आहे की माझ्याच घरात मला कोणाच्या समोर बसवेना.

पाचव्या दिवशी मी अर्ज लिहायला बसले. फुलस्केप कागद, निळी शाई. सदर मुलीनं मला पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. मीच तिला आग्रह केला. मीच दर महिन्याला मानधन दिलं. माझा आधीचा जबाब खोटा होता. लिहून झाल्यावर मी कागद नारायणपुढं ठेवला. त्यानं खिशातलं पेन काढलं, 'मानधन' खोडलं, वर 'पगार' लिहिलं आणि कागद परत दिला. मी सगळं पुन्हा स्वच्छ उतरवून काढलं.

पुजारी साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग म्हणाले, "मॅडम, हे मी घेतो. फाइल तर वर गेली. हे मागनं पाठवतो, तिला उपयोग होईल का न्हाई ते माझ्या हातात न्हाई. पण तुमच्यावर मात्र शेकणार हाय, ते समजून सही करा."

"समजूनच करते," मी म्हणाले आणि सही केली. खरं सांगते, त्या क्षणी मला थोडा अभिमानही वाटला. उशिरा का होईना, खरं बोलले. जाताना मी उठता उठता म्हणाले, "एक बरं आहे साहेब, तिला निदान माझा तो जबाब माहीत नाही. नाहीतर पोरीचा माणसांवरचा विश्वास उडाला असता."

पुजारी साहेबांनी हातातला अर्ज फाइलमध्ये ठेवला. मग त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"माहीत न्हाई कसं? दोन जबाब जुळत न्हवते, म्हणून मीच तिला परत बोलावलं. तुमचा जबाब ओळन् ओळ सोप्या मराठीत समजावून सांगितला. तिला म्हटलं, बाई असं म्हणतीय, तू खरं काय ते सांग, पैसे घेतले असले तर कबूल कर, बाईनं बोलावलं असलं तर तसं सांग, तुझं हलकं होईल. हे बघा."

पडद्यावर तिचा दुसरा जबाब होता. चार ओळींचा. 'पद्मजा मॅडम यांचा जबाब मला समजावून सांगण्यात आला. मॅडम वयाने मोठ्या आहेत, त्या घाबरल्या असतील. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. माझ्या पहिल्या जबाबात मला बदल करायचा नाही.' वर तारीख होती बारा फेब्रुवारी, वेळ दुपारचे साडेतीन.

साडेतीनला तिनं हे ऐकलं. सातला ती तेवीस वह्या घेऊन माझ्या घरी आली, माझ्या हातची भाकरी खाल्ली, आणि मी तिच्या तोंडावर म्हणाले की मी तुझ्या बाजूनंच बोलले. तिनं एकदा विचारलंही, व्हय का मॅडम?

"ऐकल्यावर काही म्हणाली का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"काय न्हाई. पाणी मागितलं," पुजारी साहेब म्हणाले. "आणि उठताना म्हणाली, साहेब, मी हे ऐकलंय असं मॅडमना सांगू नका. त्यांना लाज वाटंल. तिचं ऐकून मीबी तुमाला सांगितलं नसतं, पण आता तुमीच विषय काढला."

मी दारापर्यंत आले. बाहेरच्या बाकावर नारायण बसला होता. मला बघून तो उठला आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "दिलास अर्ज?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले, आणि पुढचं त्याला कसं सांगावं ते मला कळेना, म्हणून त्याच्या शेजारी बाकावर बसले.